चिल्काचे दार

शाळेच्या भूगोलात चिल्का सरोवर एका गुणापुरते येते. भारतातील सर्वांत मोठे खाऱ्या पाण्याचे सरोवर कोणते? मुले उत्तर पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. उर्दू पुस्तकात त्याला 'झील' म्हणतात, मराठीत 'खाजण' किंवा 'सरोवर'. प्रश्न मात्र तोच. खरे तर चिल्काचे पाणी पुरते खारे नाही आणि पुरते गोडेही नाही. अशा पाण्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, मचूळ. तिथला सगळा जीव या एका शब्दावर जगतो. तिथला इतिहासही याच पाण्याभोवती घडला, पण तो लिहिणाऱ्यांचे लक्ष पाण्याकडे क्वचितच गेले.

ओडिशाच्या किनाऱ्यावर पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत हे खाजण पसरले आहे. पावसाळ्यात ते सुमारे ११६५ चौरस किलोमीटर होते, उन्हाळ्यात आक्रसून ९०० च्या आसपास येते. उत्तरेकडून दया आणि भार्गवी या महानदीच्या शाखा त्यात गोडे पाणी आणि गाळ ओततात. पूर्वेला वाळूची लांबलचक पट्टी त्याला बंगालच्या उपसागरापासून वेगळे ठेवते. या पट्टीला जिथे खिंडार पडते ते चिल्काचे मुख. भरतीला समुद्र तिथून आत येतो, पावसाळ्यात पूर तिथूनच बाहेर जातो. मुख रुंद असले की खारे-गोडे प्रमाणात राहते. वाळूने ते बुजू लागले की आतले पाणी गोडे होत जाते, जलपर्णी आणि नळासारखे गवत माजते आणि गाळ साचतो.

हा समतोल कोणासाठी महत्त्वाचा आहे, ते कोकणातल्या वाचकाला लगेच कळेल. जिताडा, बोय, पाला, चिंबोरी आणि कोळंबी यांपैकी बहुतेकांचे आयुष्य दोन घरांत विभागलेले असते. कोळंबी समुद्रात अंडी घालते, तिची पिल्ले खाजणाच्या उथळ, सुरक्षित पाण्यात वाढतात. बोय खाजणात मोठी होते आणि प्रजननासाठी समुद्राकडे जाते. पाला उलट समुद्रातून नदीकडे चढतो. प्रत्येकाची वाट त्या एकाच दारातून आहे. मासे असले तर त्यांच्यामागे इरावती डॉल्फिन येतात. बोथट तोंडाचे हे लाजाळू जीव चिल्कात आज सुमारे दीडशे आहेत. काठच्या नळाच्या रानात मासेखाऊ रानमांजर राहते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत ती १७६ भरली. हिवाळ्यात दहा लाखांच्या घरात पक्षी उतरतात. त्यांचा मोठा मुक्काम नलबन बेटावर असतो. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे आणि पाणी ओसरले की चिखल होऊन वर येणारे हे बेट आज अभयारण्य आहे.

आता तवारीख उघडू. मुखाजवळचे माणिकपटणा हे जुने बंदर. तिथल्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. दूरच्या समुद्राचा माल याच दारातून आत येत होता.

फारसी इतिहासातही चिल्का भेटते. गुलाम हुसैन सलीम यांनी १७८८ मध्ये पूर्ण केलेल्या 'रियाज-उस-सलातीन' या बंगालच्या इतिहासात एक प्रसंग आहे. ओडिशाचा नायब सुभेदार तकी खान याच्या काळात पुरीच्या राजाने जगन्नाथाची मूर्ती चिल्काच्या पलीकडे, एका डोंगरावर नेऊन ठेवली. पुरीची यात्रा थांबली. पुढे मुर्शिद कुली खान दुसरा सुभ्यावर आला. त्याचा नायब मीर हबीब याने राजाशी समझोता केला आणि मूर्ती पुन्हा पुरीत आली.

आपल्यातले काही जण हा प्रसंग सौहार्दाचा दाखला म्हणून सांगतील, दुसरे काही त्यातला पहिला अर्धा भागच सांगतील. तवारीख मात्र सरळ कारण देते. मूर्ती गेल्यामुळे यात्रेकरूंकडून मिळणारा नऊ लाखांचा महसूल बुडत होता. मूर्ती नेणाऱ्या राजाने चिल्काकडे ढाल म्हणून पाहिले, नायबाने बुडालेल्या वसुलीची वाट म्हणून.

हाच मीर हबीब पुढे नागपूरच्या भोसल्यांना येऊन मिळाला. १७५१ च्या तहानंतर अलीवर्दी खानाच्या हातून ओडिशा सुटला आणि चिल्काचा काठ मराठ्यांच्या अमलाखाली आला. तो बावन्न वर्षे राहिला. महाराष्ट्रातल्या मराठी माणसाला कटकचे नाव माहीत असते, पण भोसल्यांच्या राज्याच्या टोकाला एक मचूळ समुद्र होता हे सहसा ठाऊक नसते.

त्या टोकावर, मालूद येथे, भोसल्यांचा फौजदार होता फतेह मुहम्मद. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल हारकोर्टची इंग्रज फौज गंजामहून निघाली. तिने चिल्का आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी धरली. पावसाळा संपत आलेला, एका अंगाला फुगलेले खाजण, दुसऱ्या अंगाला समुद्र, पुढे पाण्याचे मुख. अशा वाटेवर थोडे लोकही मोठ्या फौजेला अडवू शकतात. फतेह मुहम्मदाने अडवले नाही. त्याने इंग्रजांना वाट करून दिली आणि त्याबद्दल मालूदची जहागीर मिळवली. १८ सप्टेंबरला इंग्रज पुरीत होते, १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. १७ डिसेंबरला विदर्भात, देवगावच्या तहात, रघूजी भोसले दुसरे यांनी ओडिशावर पाणी सोडले.

हे नाव वाचले की पुढचा आरोप काय येणार, याची मला कल्पना आहे. फितुरी ती फितुरीच, तिला झाकण्याचे कारण नाही. पण तोच हारकोर्ट खुर्द्याचा राजा मुकुंददेव याच्याशीही बोलणी करत होता आणि वाट मोकळी ठेवण्यासाठी त्याला एक लाख रुपये कबूल केले होते. पुढच्याच वर्षी कंपनीने त्या राजाचे राज्य खालसा केले. दाराचा सौदा करणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते. मीर हबीब भोसल्यांकडे आला तेव्हा त्याला आपण मुत्सद्दी म्हणतो, फतेह मुहम्मद भोसल्यांकडून गेला तेव्हा गद्दार. मोजमाप एकच ठेवायचे ठरवले, तर दोघांनीही आपला फायदा पाहिला एवढेच म्हणता येते.

कंपनीला या काठावर आणखी एक खजिना दिसला, मीठ. चिल्काच्या पारिकूद भागात उथळ वाफ्यांत पाणी घेऊन, उन्हात सुकवून 'कर्कच' मीठ तयार होई. कंपनीने मिठाचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि ज्यांच्या अंगणात मीठ पिकत होते, त्यांनाच ते महाग झाले. १८१७ च्या पाइकांच्या उठावामागे जी कारणे सांगितली जातात, त्यात जमिनींबरोबर हे मीठही आहे.

मूर्ती, वाट, मीठ. प्रत्येक राज्याने चिल्काचा हिशेब मांडला. त्या हिशेबात काठावर पिढ्यानपिढ्या मासे धरणारे कैवर्त, तियर, कंडरा, नोळिया कुठेच नाहीत. इथल्या जिवांची शास्त्रीय पाहणी व्हायला १९१४ उजाडावे लागले. नेल्सन ॲनन्डेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी ती हाती घेतली. बरकुदा बेटावर ॲनन्डेल यांना पाय नसलेली सापसुरळी सापडली. १९१७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्या बेटावरूनच तिला 'बरकुदिया' हे शास्त्रीय नाव मिळाले.

पुढे हिशेबाचा नवा रकाना उघडला, कोळंबी. परदेशी बाजारात भाव चढला तसे विसाव्या शतकाच्या शेवटी पैसेवाल्यांनी बांबू आणि जाळ्यांची कुंपणे घालून पाणी अडवले. या कुंपणांना तिथे 'घेरी' म्हणतात. त्यांनी माशांच्या वाटा तोडल्या, गाळ अडवला आणि कोळ्यांना त्यांच्याच पाण्यात परके केले. दुसरीकडे मुख वाळूने सरकत आणि बुजत चालले होते. १९८१ मध्ये रामसर यादीत गेलेले चिल्का १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या पाणथळींच्या नोंदीत गेले. १९८५-८६ मध्ये साडेआठ हजार टनांच्या वर असलेली मासळी १९९९-२००० मध्ये पावणेदोन हजार टनांवर आली.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये चिल्कापासून एक हजार मीटरच्या आत कोळंबीची व्यापारी शेती करायला मनाई केली होती. घेरी तरीही उभ्याच होत्या. २९ मे १९९९ रोजी कोळी स्वतः त्या तोडायला पाण्यात उतरले. त्याच रात्री सोराणा गावात पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा जीव गेला.

त्यानंतर सोळा महिन्यांनी, २३ सप्टेंबर २००० रोजी, सातपाड्याजवळ वाळूची पट्टी खोदून नवे मुख उघडले गेले. समुद्राची वाट अठरा किलोमीटरने जवळ आली. आतला खारेपणा परतला, जलपर्णी हटू लागली, पाण्याखालचे समुद्री गवत पसरले. २००१-०२ मध्ये मासळी जवळजवळ बारा हजार टनांवर गेली. २००२ मध्ये चिल्का त्या धोक्याच्या नोंदीतून बाहेर आले. पुढे सरकारने घेरी मोठ्या प्रमाणावर काढल्या, तेव्हा मोकळ्या झालेल्या पाण्यात डॉल्फिनही फिरताना दिसू लागले.

या वेळी हे दार पाण्यासाठी उघडले गेले, फौजेसाठी किंवा वसुलीसाठी नाही. म्हणून माझ्या मते २३ सप्टेंबर २००० ही तारीख १४ ऑक्टोबर १८०३ च्या शेजारी लिहायला हवी. किल्ला पडला तेव्हा अंमल बदलला. दार उघडले तेव्हा जगणे बदलले.

मात्र दार एकदा उघडून काम संपत नाही. वाळू थांबत नाही, मुख सरकते, नद्या गाळ आणतच राहतात. पर्यटकांच्या इंजिनाच्या बोटींचा डॉल्फिनला जाच आहेच. शिवाय मासळी वाढली म्हणून ती सर्वांच्या ताटात सारखी पडते असे नाही. पाण्यावर हक्क कोणाचा, हा सोराण्याच्या रात्रीचा प्रश्न खाजण सुधारल्याने आपोआप मिटलेला नाही.

आपण इतिहास वाचताना दार कोणी उघडले त्याचे नाव शोधतो, आणि नाव सापडले की त्याचा धर्म. चिल्काच्या काठावर विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दार कोणासाठी उघडले, आणि ते बुजले तेव्हा उपाशी कोण राहिले? फौजदार, नायब, राजे, कंपनी यांच्यापैकी कोणीच उपाशी राहिले नाही. राहिले ते कोळी, आणि त्यांच्याबरोबर डॉल्फिन.