एब्बा ग्रोन : बंडाचं कूळ

पंक संगीताने स्वतःबद्दल एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठासून सांगितली : आमच्या आधी कुणी नव्हतं. ना गुरू, ना घराणं. तीन कॉर्ड वाजवता आल्या की बँड काढा, स्टेजवर चढा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, आणि पंकवाल्यांनाही कुळाची चौकशी आवडत नसे. पण स्वीडिश पंकमधलं सर्वांत मोठं नाव ठरलेल्या एब्बा ग्रोन या बँडचं कूळ शोधायला निघालं, की एक राजकीय कट, एक उपनगर आणि ज्यांच्याविरुद्ध बंड केलं तीच आधीची पिढी भेटते.

सुरुवात नावापासूनच करायला हवी. २४ एप्रिल १९७५ रोजी रेड आर्मी फॅक्शन या पश्चिम जर्मन सशस्त्र गटाच्या सहा जणांनी स्टॉकहोममधला पश्चिम जर्मनीचा दूतावास ताब्यात घेतला. तुरुंगातले आपले २६ साथीदार सोडा, ही त्यांची मागणी. ती फेटाळली गेली. दूतावासातले दोन अधिकारी ठार झाले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास गटाने पेरलेल्या स्फोटकांनी इमारत हादरली. गटातल्या जिवंत सापडलेल्यांना स्वीडनने तातडीने पश्चिम जर्मनीच्या हवाली केलं. हा निर्णय आना-ग्रेता लेयॉन या मंत्रीणबाईंच्या खात्याचा होता. त्याचा सूड म्हणून नॉर्बर्ट क्रोखर या जर्मन तरुणाने स्वीडनमध्येच साथीदार जमवले आणि लेयॉन यांच्या अपहरणाचा कट रचला. १९७७च्या वसंतात, कट अमलात येण्याआधीच, पोलिसांनी त्याला पकडलं. त्या कारवाईत पोलिसांनी वापरलेला एक सांकेतिक शब्द होता ‘एब्बा ग्रोन’. एब्बा हे बाईचं नाव, ग्रोन म्हणजे हिरवा.

त्याच वर्षी स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या रोग्सवेड उपनगरातल्या तीन पोरांनी हे दोन शब्द उचलले. गाणारा आणि गिटार वाजवणारा योआकिम तोस्त्रॉम, ड्रमवर गुन्नार ‘गुर्रा’ युंगस्टेट, बेसवर लेनार्ट ‘फ्योदोर’ एरिक्सॉन. आधी त्यांनी ‘द हेटर्स’ असं इंग्रजी नाव घेतलं होतं. ते टाकून पोलिसांचा शब्द घेणं ही मोठी चतुराई होती. राज्ययंत्रणेने गुप्तपणे वापरलेला शब्द आता तबकड्यांवर झळकणार होता, आणि तो शंभर टक्के स्वीडिश होता.

रोग्सवेड हे १९५०च्या दशकात आखलेलं उपनगर. भुयारी रेल्वे तिथे १९५९ साली पोचली. घरं चांगली होती. गरम पाणी, उजेड, आजूबाजूला झाडी. सोशल डेमोक्रॅट पक्ष १९३२पासून जवळजवळ अखंड ४४ वर्षं सत्तेत होता आणि अशी उपनगरं हे त्याच्या कल्याणकारी राज्याचं अभिमानाचं काम होतं. ब्रिटनमध्ये पंक जन्मलं तेव्हा तिथे बेकारी आणि पडझड होती. स्वीडनमध्ये तसं नव्हतं. इथला राग वेगळा होता : शाळा, नोकरी, घराचा हप्ता, निवृत्ती, सगळं कुणीतरी आधीच आखून ठेवलंय आणि आपल्याला फक्त त्या रेघेवरून चालायचंय, हा राग. १९७६च्या निवडणुकीत तो पक्ष हरला, पण इमारती आणि सवयी तशाच राहिल्या. एब्बा ग्रोनची गाणी ऐकताना हा संदर्भ डोक्यात ठेवला नाही, तर ती उगाच आरडाओरडा वाटतात. ठेवला, तर त्यातली नेमकी तक्रार ऐकू येते.

उपनगरात तरुणांना जमायला जागा मोजकीच. रोग्सवेडमध्ये ती ‘ओआसेन’ होती. तिथे बँड वाजायचे, पोरं जमायची, आणि ती जागा हातची जाऊ नये म्हणून भांडायचीही. स्वीडिश पंकच्या इतिहासात ओआसेनचं नाव एखाद्या नावाजलेल्या नाट्यगृहासारखं घेतलं जातं.

बाकी देशातही ठिणगी पडली होती. जुलै १९७७मध्ये ब्रिटिश पंक बँड सेक्स पिस्टल्स स्वीडनचा दौरा करून गेले. जुन्या अमेरिकन गाड्या फिरवणारी, एल्व्हिसच्या वळणाची ‘रागारे’ मंडळी पंकवाल्यांवर तुटून पडायची. स्कोने प्रांतातल्या क्लिप्पान या छोट्या गावी तर द स्ट्रँगलर्सच्या कार्यक्रमावर त्यांनी हल्लाच केला. त्याच क्लिप्पानमधून १९७८ साली क्रिमिनेला गितारेर हा बँड आला. त्यांची ‘वोर्दाद क्लेडसेल’ ही स्वीडिश भाषेतली पहिली पंक तबकडी मानली जाते. नावाचा अर्थ ‘नीटनेटका पोशाख’. रूड किड्ससारखे बँड इंग्रजीत गात राहिले. एब्बा ग्रोनने स्वीडिश निवडली आणि ती सोडली नाही. पुढे जे घडलं, त्याचं मूळ या निवडीत आहे.

आणि इथेच कुळाचा प्रश्न गंभीर होतो. रॉकच्या तालावर स्वीडिशमध्ये राजकीय गाणं म्हणायचं ही वाट पंकने पाडलेली नव्हती. ती पाडली होती ‘प्रोग’ चळवळीने. जून १९७०मध्ये स्टॉकहोमच्या येर्देत मैदानावर संगीतकारांनी स्वतःच उत्सव भरवला, तिथून ती फोफावली. मोठ्या कंपन्यांशी फारकत घेऊन या मंडळींनी सायलेन्स, एमएनडब्ल्यू अशा स्वतःच्या कंपन्या काढल्या आणि वितरणाची साखळीही उभी केली. १९७४मध्ये ॲबा या स्वीडिश बँडने युरोव्हिजन गीतस्पर्धा जिंकल्यावर पुढच्या वर्षी ती स्पर्धा स्टॉकहोमला आली, तेव्हा धंदेवाईक संगीताचा निषेध म्हणून प्रोगवाल्यांनी त्याच शहरात पर्यायी उत्सव केला. १९७६मध्ये तर स्वीडन युरोव्हिजनमध्ये उतरलंच नाही.

पंक पोरांना ही मंडळी प्रौढ, पुस्तकी, सभेतल्या भाषणासारखी वाटायची. बासऱ्या, व्हायोलिनं, दहा-दहा मिनिटांची गाणी. एब्बा ग्रोनची पहिली ईपी १९७८मध्ये आली, तिचं नावच ‘अँटीरॉक’. त्याच वर्षी ‘मिस्टलूर’ या छोट्या स्वतंत्र कंपनीकडून ‘प्रो-फिट’ निघालं. ‘प्रॉफिट’, म्हणजे नफा, या शब्दाच्या मध्ये मारलेली ती आडवी रेघ कंपन्यांच्या बाजाराकडे रोखलेली होती. पण छोट्या कंपनीकडून तबकडी काढून ती देशभर पोचवता येते, हा विश्वास प्रोगनेच तयार केला होता. ज्या घराविरुद्ध पोरं बोलत होती, त्याच घराच्या दारातून त्यांची तबकडी बाहेर पडली.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं. ‘स्तातेन ओक कापितालेत’, म्हणजे राज्यसत्ता आणि भांडवल. १९८०मध्ये एब्बा ग्रोनने ते काढलं आणि ते इतकं त्यांचं झालं, की अनेकांना ते मूळचं त्यांचंच वाटतं. प्रत्यक्षात ते प्रोग चळवळीतल्या ब्लो तोगेत या बँडने १९७२मध्ये दुसऱ्याच नावाने गायलं होतं. ब्लो तोगेतचा बाज कॅबरेचा, खट्याळ, थोडा ढिला. एब्बा ग्रोनने चाल राखली, वेग वाढवला, गिटारी वर आणल्या आणि तोस्त्रॉमच्या आवाजात ते धमकीसारखं वाजू लागलं. एकाच गाण्यात दोन पिढ्यांचा राग एवढ्या स्वच्छपणे एकत्र आल्याची उदाहरणं फार नाहीत. बँडचं मोठेपण इथे सर्वांत जास्त दिसतं : आपण ज्यांना जुनाट म्हणतो, त्यांच्याकडून काय घ्यायचं हे त्यांना कळत होतं.

पहिली मोठी तबकडी १९७९ची, ‘वी आर ओन्ली इन इट फॉर द ड्रग्ज’. हे इंग्रजी शीर्षकही वारशाने आलेलं. फ्रँक झप्पांच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शनने १९६८मध्ये ‘वी आर ओन्ली इन इट फॉर द मनी’ काढली होती, आणि तिच्यात बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या वेष्टनाची नक्कल होती. लिव्हरपूल, मग कॅलिफोर्निया, मग रोग्सवेड. १९८१मध्ये ‘शेर्लेक ओक उप्रोर’, प्रेम आणि बंड. १९८२मध्ये बँडच्याच नावाची तिसरी तबकडी. तोवर क्रिमिनेला गितारेरमधला स्ट्री तेरारिये येऊन मिळाला होता, कीबोर्ड आले होते, आवाज रुंदावला होता. बर्लिनच्या भिंतीबद्दलचं ‘डी माउअर’ हे गाणं याच तबकडीवर आहे. त्याच वर्षी योहान डोनर यांचा ‘एब्बा द मूव्ही’ हा माहितीपट पडद्यावर आला. १९८३मध्ये बँड संपला. तोस्त्रॉम आणि गुर्राने इंपेरियेत हा नवा बँड चालवला. तोही १९८८मध्ये थांबला. तोस्त्रॉम मात्र एकट्याने गात राहिला.

एब्बा ग्रोनबरोबर आणि त्यांच्यानंतर स्वीडिशमध्ये गाणाऱ्या पंक बँडची मोठी फळी उभी राहिली. त्यांच्या सोबतच सुरू झालेले केएसएमबी, गोथेनबर्गचे आत्तेंतात, तोरेबोदाचे आस्ता कास्क. १९८०च्या दशकात अँटी सिमेक्स, मॉब ४७ या बँडनी डिस्चार्ज या ब्रिटिश बँडचा ताल घेऊन त्याला इतका वेग दिला, की डी-बीट नावाची शाखा आज जगभर स्वीडनच्या नावाने ओळखली जाते.

नव्वदच्या दशकात उत्तरेकडच्या उमिओ शहरातून रिफ्यूज्ड हा बँड आला. दारू, मांस, सिगारेट काही नको म्हणणारी, इंग्रजीत गाणारी, कडवी डावी पोरं. पण कूळ त्यांनीही लपवलं नाही. १९९६च्या तबकडीचं नाव त्यांनी अमेरिकेतल्या आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेच्या गीतपुस्तकाच्या शीर्षकओळीतून घेतलं. १९९८च्या ‘द शेप ऑफ पंक टू कम’चं नाव ऑर्नेट कोलमनच्या १९५९मधल्या जॅझ तबकडीवरून. तिच्यात जॅझ, इलेक्ट्रॉनिक आवाज, तंतुवाद्यं सगळं आलं. त्या वर्षी ती फारशी कुणी विकत घेतली नाही, आणि अमेरिकेच्या दौऱ्यातच बँड फुटला. नंतरच्या काळात मात्र असंख्य बँडनी ती तबकडी आपला आदर्श म्हणून सांगितली. २०१२मध्ये रिफ्यूज्ड पुन्हा एकत्र आले, आणि त्यांचा निरोपाचा कार्यक्रम डिसेंबर २०२४मध्ये उमिओतच झाला.