धुराड्याला ओढ नव्हती

उन्हाळा, १९०२

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला आणि त्यांची पत्नी अलेक्झांद्रिन मेदाँला आहेत. पॅरिसबाहेर, सेन नदीकाठी असलेलं हे घर झोलांनी १८७८ मध्ये कादंबऱ्यांच्या पैशांतून घेतलं. पॅरिसमधलं बिऱ्हाड, रू द ब्रुसेलवरचं २१ बिस क्रमांकाचं घर, या काळात जवळजवळ बंदच. शेजघरातल्या फायरप्लेसमध्ये विस्तव नाही.

बंद धुराडं स्वस्थ बसत नाही. आतल्या भिंतींवरची जुनी काजळी ओल धरते, फुगते, खपल्या होऊन सुटते. विटांमधला चुना झडतो. वर टोपी नसेल तर पक्षी काटक्या आणून टाकतात. नळ सरळ असेल तर हे सगळं खाली येऊन पडतं आणि दिसतं तरी. जुन्या इमारतींत तो मध्येच वळण घेतो आणि कचरा त्या वळणावर साठत राहतो. म्हणून धुराडं थंडी पडायच्या आधी साफ करायचं असतं. बहुतेक घरांत ते थंडी पडल्यावर, पहिला धूर खोलीत आल्यावर आठवतं.

रविवार, २८ सप्टेंबर, दिवसा

झोला दांपत्य पॅरिसला परततं. हवा गार आणि दमट, घर अनेक आठवड्यांनी उघडलेलं. खोलीतली ओल जावी, ऊब यावी म्हणून नोकर शेजघरात विस्तव करतो. जळण म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेले गोळे. ज्वाला फारशी नाही, धग मात्र तासन्‌तास टिकणारी.

विस्तव नीट धरत नाही. धुराड्याला ओढ नाही.

ओढ म्हणजे साधा हिशेब. नळातली हवा तापली की हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खोलीतली हवा विस्तवातून ओढली जाते. नळ जितका उंच आणि गरम, तितकी ओढ जोरकस. पण नळ गारठलेला असला की आतली थंड, जड हवा बुचासारखी बसून राहते. खालचा लहानसा विस्तव तिला हलवू शकत नाही आणि धूर खोलीकडे वळतो. त्यात वर काही अडकलेलं असेल तर बोलायलाच नको. ज्यांच्या घरी लाकडाचा स्टोव्ह रोज पेटतो ते आधी वर्तमानपत्राचा पेटता बोळा नळाच्या तोंडाशी धरतात. ज्योत वर खेचली गेली तर ठीक. ती खोलीकडे झुकली तर आधी नळ तापवायचा, आणि तापवूनही झुकत राहिली तर त्या दिवशी स्टोव्ह पेटवायचा नाही.

संध्याकाळ

धुराड्याचं काम करणाऱ्याला बोलवायला हवं, हे नोकराच्या ध्यानात आलं आहे. पण रविवारची संध्याकाळ. ते उद्यावर जातं. फायरप्लेसच्या तोंडावरची पत्र्याची झडप खाली ओढलेली आहे आणि तिच्या मागे गोळे मंद लाल होऊन धुमसत आहेत.

मला विचाराल तर या दिवसाचा निकाल इथेच लागला. विस्तव विझवून, निखारे झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बाहेर नेऊन ठेवले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण धुमसणारा विस्तव माणसाला निरुपद्रवी वाटतो. ज्वाला नाही, ठिणग्या नाहीत, खोकला आणणारा धूर नाही. वास्तविक धोका इथेच जास्त. भरपूर हवेत भडकलेल्या आगीत कार्बनचा बहुतेक भाग पूर्ण जळतो. हवा कमी मिळालेल्या विस्तवात तो अर्धाच जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शिवाय मंद विस्तवाची उष्णता कमी, म्हणून नळ गार, म्हणून ओढ आणखी कमी.

लाकडाच्या स्टोव्हवाल्यांची खोड नेमकी हीच असते. रात्री पेटी गच्च भरायची, हवेची खिडकी जवळजवळ बंद करायची आणि सकाळपर्यंत ऊब पुरेल अशा समाधानात झोपायचं. लाकूड ओलं असेल तर हे दुपटीने वाईट. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. स्टोव्हसाठी ते वीस टक्क्यांच्या खाली यावं लागतं, आणि त्याला फोडून, छपराखाली रचून, वारा खेळता ठेवून सहा महिने ते दोन वर्षं लागतात. सुकलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजतात, ओल्या बद्द आवाज काढतात. ओल्या लाकडाचा गार धूर नळात चिकटतो. आधी भुरभुरीत काजळी, मग काळा, चकचकीत, डांबरासारखा थर. त्याला क्रिओसोट म्हणतात आणि तो पेट घेतो. मग नळातून घोंघावणारा आवाज येतो, आतलं तापमान हजार अंशांच्या वर जातं, विटांचा नळ तडकतो आणि आग छपराच्या वाशांना गाठते. अशा वेळी स्टोव्हची दारं आणि हवेची खिडकी पूर्ण बंद करायची, सगळ्यांना घराबाहेर काढायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. तापलेल्या नळात पाणी ओतायचं नाही, तो फुटतो.

झोलांच्या खोलीत आग लागणार नव्हती. तिथे दुसरं प्रकरण शिजत होतं.

रात्र, झोपताना

खिडक्या बंद. दाराला आतून कडी.

कडीला कारण होतं. १३ जानेवारी १८९८ रोजी 'लोरोर' या दैनिकात राष्ट्राध्यक्षांना उद्देशून पत्र लिहून झोलांनी देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या कॅप्टन ड्रेफसवरच्या अन्यायाबद्दल सेनाधिकाऱ्यांची नावं घेऊन आरोप केले. शिक्षा झाली, लंडनला पळून जावं लागलं, १८९९ मध्ये ते परतले. त्यानंतरही धमक्या येत राहिल्या. अशा माणसाने रात्री दार लावून झोपू नये असं कोण म्हणेल?

खिडक्यांचं कारण तर आपल्यालाही परकं नाही. आपल्या जुन्या कौलारू घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. डोळे चुरचुरायचे, भिंती काळ्या व्हायच्या, पण हवा खेळती राहायची. अपवाद बाळंतिणीच्या खोलीचा. बाजेखाली शेगडी, दारं-खिडक्या लावलेल्या, का तर बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये. ज्या घरातली म्हातारी मधून मधून दार किलकिलं करायला लावायची, ती शास्त्र शिकली नव्हती, पण तिला कळत होतं. शेगडीला नळी नसते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. काश्मीर-लडाखला बुखारी लावलेल्या खोलीत राहणाऱ्या मराठी पर्यटकांनी आधी पाहावं ते हेच: नळी आहे का, ती थेट बाहेर जाते का, सांधे घट्ट आहेत का. खोलीत नुसती निखाऱ्यांची शेगडी किंवा कांगडी ठेवून झोपायला कुणी सांगितलं तर आणखी एक रजई मागावी.

मध्यरात्र ते पहाटे ३

खोलीत दिसण्यासारखं काही घडत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो तळाशी बसतो अशी समजूत अजून आहे. ती चुकीची आहे. त्याचं वजन हवेच्या जवळपास तेवढंच, त्यामुळे तो खोलीभर सारखा मिसळतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवतं. श्वास चालू, छाती वरखाली होते आहे, पण दर श्वासागणिक रक्ताची काही जागा अडवली जाते आहे.

हे शास्त्र तेव्हा नवं नव्हतं. क्लोद बेर्नार यांनी पॅरिसमध्येच १८५० च्या दशकात या वायूचा रक्तावरचा परिणाम दाखवला होता. ज्या बेर्नारांच्या प्रयोगपद्धतीवरून झोलांनी आपली कादंबरीची उपपत्ती बेतली, तेच हे. ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात तो स्वतः हुंगून पाहिला होता आणि खाणीत उतरताना सोबत लहान प्राणी न्यावेत असं सुचवलं होतं. लहान जिवाला विषबाधा आधी होते, माणसाला तेवढाच अवधी मिळतो. झोला स्वतः १८८४ मध्ये 'जर्मिनाल' या कादंबरीसाठी आंझँच्या कोळशाच्या खाणीत उतरले होते.

पहाटे ३ च्या सुमारास

अलेक्झांद्रिनला जाग येते. डोकं ठणकतंय, मळमळतंय. ती धडपडत लगतच्या न्हाणीघरात जाते, ओकते आणि बराच वेळ तिथेच थांबते. बहुधा तेवढ्या वेळात मिळालेल्या बऱ्या हवेनेच तिला वाचवलं. मग ती पुन्हा पलंगावर येते.

झोलाही जागे झाले आहेत, त्यांनाही बरं वाटत नाही. नोकरांना उठवू का, असं ती विचारते. ते नको म्हणतात. काहीतरी बाधलं असेल, सकाळी बरं वाटेल.

यात हेकटपणा नव्हता. रात्री-अपरात्री नोकरांची झोप मोडू नये असं वाटणारा गृहस्थ होता तो. डोकेदुखी, मळमळ, ओकारी, गळाठा: कुठल्याही डॉक्टरला या लक्षणांवरून आधी पोटाचा विकार आठवेल. ओळखायची खूण एकच. एका छपराखाली झोपलेल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर गेलं की उतार पडतो. पण ही खूण जुळवायला डोकं लागतं, आणि हा वायू सगळ्यात आधी डोक्याचाच ऑक्सिजन तोडतो.

त्यानंतर काही वेळाने

झोला खिडकी उघडायला उठतात.

निर्णय अगदी बरोबर होता, पण अंगात ताकद उरली नव्हती. रक्ताचा अर्धा भाग या वायूने अडवलेला असताना पडून राहिलेला माणूस तग धरतो. तोच उभा राहिला की स्नायू ऑक्सिजन मागतात, हृदय पुरवू शकत नाही, आणि माणूस कोसळतो. हॉल्डेनना आपल्या प्रयोगात हेच जाणवलं होतं: अर्ध्याच्या आसपास पोहोचल्यावर धड उभंही राहवेना. अलेक्झांद्रिनला नवरा पडल्याचं कळतं. तिला हलता येत नाही, घंटेपर्यंत हातही पोहोचत नाही. तिची शुद्ध हरपते.

सोमवार, २९ सप्टेंबर, सकाळी ९ नंतर

एवढा वेळ कुणी उठलं कसं नाही म्हणून नोकर दार ठोठावतात. उत्तर नाही. दार फोडून आत जावं लागतं. झोला जमिनीवर, अलेक्झांद्रिन पलंगावर, तिचा श्वास चालू. खोलीतली दोन लहान कुत्री जिवंत. खिडक्या उघडल्या जातात, डॉक्टर येतात, कृत्रिम श्वासोच्छ्वास देत राहतात. झोला परत येत नाहीत. वय ६२.

अलेक्झांद्रिनला नेयीच्या रुग्णालयात नेलं जातं. ती बरी होते आणि पुढे १९२५ पर्यंत जगते.

ऑक्टोबर

५ तारखेला मोंमार्त्रच्या दफनभूमीत अंत्यविधी, आनातोल फ्रान्स यांचं भाषण, प्रचंड गर्दी. इकडे चौकशी सुरू आहे. तज्ज्ञ त्याच खोलीत, त्याच फायरप्लेसमध्ये पुन्हा विस्तव करतात, दारं-खिडक्या लावतात आणि रात्रभर आत गिनीपिग ठेवतात. सकाळी गिनीपिग ठणठणीत. हवेत विषारी वायू नावापुरता. धुराडं उसकलं जातं, काजळी सापडते, पण जीव घेण्याइतका नळ तुंबला होता असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. अपघात, असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटवलं जातं.

१९५३

'लिबेरास्याँ' या दैनिकात लेखमाला येते. एका वृद्ध औषधविक्रेत्याचं म्हणणं असं: धुराड्यांचं काम करणारा त्याचा एक ओळखीचा, ड्रेफसविरोधी गोटातला, मरण्यापूर्वी त्याच्यापाशी कबूल झाला होता. शेजारच्या छपरावर दुरुस्ती चालू असताना आम्हीच झोलांचं धुराडं बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मोकळं केलं. कबुली देणाऱ्याला मरून तोवर पाव शतक उलटलं होतं. पुरावा काही उरला नव्हता.

गिनीपिग का जगले, याचं उत्तर या कबुलीत मिळतं. पण खुनी नसतानाही ते मिळतं. गार, दमट, वारा नसलेल्या रात्री ओढ न धरणारं धुराडं हवा पालटली की नीट चालू लागतं. शेजारचं छप्पर उंच असेल आणि वारा त्यावरून खाली झेपावत असेल तर चांगलं धुराडंही उलटं वाहतं. म्हणून आज नळ बसवताना छपरातून तो निघतो तिथून किमान तीन फूट वर न्यायचा आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच ठेवायचा, असा नियम पाळतात. तोंडावर टोपी आणि जाळी लावतात.

एवढं करूनही, एका रात्रीची चाचणी दुसऱ्या रात्रीची हमी देत नाही. ते काम शेजघराजवळ लावलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं. महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजतो का पाहायचं, आणि डबीवर छापलेली मुदत संपली की नवा आणायचा. आतला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो, बॅटरी नवी असली तरी.