तापमानवाढ निसर्गाची की माणसाची? वसईच्या पाण्यावरून समजून घेऊ

वसई-विरार : पावसाचं पाणी वाडीत शिरलं की नाक्यावर वाद ठरलेला. एक म्हणतो, हवामान पहिल्यापासून बदलतंच आलंय, निसर्गाचं चक्र आहे. दुसरा म्हणतो, माणसाने धूर सोडून वाट लावली. दोघांकडेही थोडं थोडं खरं आहे. पण कुठली गोष्ट कुणाच्या खात्यावर टाकायची, हे पाहिल्याशिवाय वाद मिटत नाही.

आधी निसर्गाची बाजू घेऊ, ती काही लंगडी नाही. विरारचा जीवदानीचा डोंगर ज्या काळ्या दगडाचा आहे तो दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग होतं, तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे आज अर्नाळ्याला जिथे होड्या लागतात, तिथून समुद्र कितीतरी लांब होता. नंतर बर्फ वितळलं, पाणी वर आलं, आणि तेव्हा एकही डिझेल इंजिन नव्हतं. पृथ्वीचा कल आणि सूर्याभोवतीची वाट हजारो वर्षांत थोडी थोडी बदलते, त्यामुळे हे होतं. सोपाऱ्याचं उदाहरण तर सगळेच देतात. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. एके काळचं ते मोठं बंदर, आज खाडी गाळाने भरलेली. पण गाळ साचणं वेगळं आणि जगाची हवा तापणं वेगळं, त्यामुळे सोपाऱ्याचा दाखला या वादात फारसा उपयोगी नाही.

फरक आहे तो वेगाचा. हिमयुग संपताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, त्याला दहा हजार वर्षांच्या आसपास लागली. आता दीडशे वर्षांतच एक अंशाच्या वर गेली.

मग ही वाढ सूर्यामुळे कशावरून नाही? १९७० च्या दशकाच्या शेवटापासून उपग्रह सूर्याची उष्णता मोजतायत. ती अकरा वर्षांच्या चक्रात थोडी वर-खाली होते, पण वाढत गेलेली नाही. शिवाय सूर्य जास्त तापला असता तर हवेचे वरचे थरही तापले असते. ते उलट थंड होतायत आणि खालची हवा गरम होतेय. उष्णता खालीच अडकतेय, गोधडी पांघरल्यासारखी. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं. ज्वालामुखीचं म्हणाल, तर फिलिपिन्समधला पिनातुबो १९९१ मध्ये फुटला तेव्हा जग वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशाने थंडच झालं. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही.

कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाई बेटावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या वर. हा जादा वायू कोळसा-पेट्रोलचाच आहे हे ओळखताही येतं. विहिरीचं पाणी मचूळ लागलं की खारं पाणी आत आलंय हे आपल्याला जिभेवर कळतं, तसं. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडलेल्या कोळसा-तेलातल्या कार्बनची जात वेगळी असते, आणि हवेत तीच जात वाढतेय. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीने २०२१ च्या अहवालात माणसामुळे पृथ्वी तापली यात शंका उरली नाही, असं सांगून टाकलं.

म्हणजे वाद मिटला? जगाचा मिटला. वसईचा नाही.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात होतं. गाड्या बंद, वीज बंद, मिठागरातली कुटुंबं अडकलेली. हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, त्यामुळे मोठ्या सरींचा जोर वाढतो हे खरं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असलं की खाडी पाणी घेत नाही, तो चंद्राचा खेळ. पण पडलेलं पाणी तुंबून का राहतं? मिठागरं, खाजणं आणि शेतं भरावाखाली गेली, ओढे अरुंद झाले, हे काही आयपीसीच्या अहवालात नाही. २०१८ नंतर महापालिकेने या पुराचा अभ्यास करायला नीरी आणि आयआयटी मुंबईला नेमलं, तेव्हा प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचाच होता.

विहिरींचं तसंच आहे, आणि आम्हा वाडीवाल्यांचा जीव तिथेच अडकलाय. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या एक मीटर वर असेल तर खाली अंदाजे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. पंपाने पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालून खारं पाणी वीस मीटर वर सरकतं. १९०० पासून जगाचा समुद्र सुमारे वीस सेंटिमीटर वर आलाय, तेही याच हिशेबात धरायचं. पण टँकरचा उपसा त्याच्यापेक्षा कितीतरी झपाट्याने पातळी उतरवतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईवाल्यांनी पूर्वी टँकरविरुद्ध आंदोलनं केली, ती याच पाण्यासाठी. गावोगावची बावखलं पावसाचं पाणी जिरवून हे गोडं पाणी भरून काढायची. त्यातली किती बुजवली, ते आपापल्या आळीत मोजून बघा.

म्हणून सगळं निसर्गावर ढकलणारा आणि सगळं ग्लोबल वॉर्मिंगवर ढकलणारा, दोघंही माझ्या मते भराव टाकणाऱ्याला मोकळं सोडतात. समुद्र थांबवणं आपल्या ग्रामसभेच्या हातात नाही. बावखल बुजवू न देणं मात्र आहे.

ज्यांची केळीची, पानवेलीची वाडी आहे त्यांनी विहिरीच्या पाण्याचा क्षार तपासून घ्यावा, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा पावसाळा संपल्यावर. दरवर्षी त्याच तिथीला नमुना घ्यावा, कारण खाडीजवळच्या विहिरींवर भरती-ओहोटीचाही परिणाम होतो. बाटली आधी त्याच विहिरीच्या पाण्याने विसळून काठोकाठ भरावी, आणि तारीख, वेळ, पंप किती तास चालला होता ते चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवावं.