होडीचा आकडा आणि बैलाचे दात

देवणीला समुद्र नाही, पण गटांवरून होणारी भांडणं आम्हाला नवीन नाहीत. माळेगावच्या जत्रेत दात बघून जनावरांचे गट पाडतात; अदंत गोऱ्हा जुळलेल्या बैलासमोर उभा करत नाहीत.

शिडाच्या होड्यांचंही तेच. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या या शर्यती मुंबईला झाल्या. फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण मिळवलं. पीटर मिल्नने १९६२ मध्ये आखलेली ही होडी. लांबी, वजन, शीड सगळं नियमात बांधलेलं. जो आधी पोचला तो पुढे, वाद नाही.

क्लबात मात्र दहा होड्या दहा तऱ्हेच्या. त्यासाठी महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये 'पोर्ट्समथ यार्डस्टिक' आली: लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले होडीचा आकडा. ११०० वाली संथ होडी ५५ मिनिटांत आली तर हिशोबात ५०. १००० वाली ५२ मिनिटांत येऊनही हरली!

गणित सोपं, गोम आकड्यात. तो जुन्या निकालांवरून काढतात, म्हणजे सरासरी वाऱ्याचा. जोराच्या वाऱ्यात हलकी होडी पाण्यावर उचलली जाऊन सुसाट सुटते, आकडा तोच. वारा पडला की संथ होडीवाले खूष.

हरलेला म्हणतो, आकडाच चुकलाय. माळेगावात म्हणतात, दात नीट बघितले नाहीत राव.