शस्त्र कायदा : अफवा कोणती, वस्तुस्थिती कोणती?

बिदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे मराठी भाषक गाव. तेथील शेतकऱ्याची सोयरीक उदगीर, देगलूरकडे, तर शासकीय कामकाज बिदरला. अशा सीमाभागात शस्त्र परवान्यासंबंधीची वार्ता दोन राज्यांतून येते आणि वाटेत तिचे रूप पालटते. घरात वडिलांच्या वेळची राखणीची बंदूक असेल, तर चुकीच्या समजुतीची किंमत तुरुंगवासाचीही असू शकते. म्हणून या कायद्याविषयीचे प्रचलित समज येथे तपासून पाहू.

समज : आता घरटी एकच बंदूक ठेवता येते.
या समजाचे मूळ मूळ विधेयकात आहे. शस्त्र (दुरुस्ती) विधेयक २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले, तेव्हा त्यात एका व्यक्तीस एकच अग्निशस्त्र अशी तरतूद होती. आक्षेपांनंतर ती बदलून मर्यादा दोनवर आली. लोकसभेने ९ डिसेंबरला आणि राज्यसभेने १० डिसेंबरला सुधारित स्वरूपात ते संमत केले. १४ डिसेंबर २०१९ पासून कायदा अमलात आला. १९८३ च्या दुरुस्तीने ठरलेली तीनची मर्यादा त्यामुळे दोन झाली. ही मर्यादा व्यक्तीस आहे, घरास नाही. मात्र प्रत्येक धारकाचा परवाना स्वतंत्र हवा. विधेयक म्हणजे कायदा नव्हे, हे ध्यानात न घेतल्यानेच हा गैरसमज टिकून राहिला.

समज : वडिलोपार्जित शस्त्राला मर्यादा लागू नाही.
हे खरे नाही. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडता येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याची बंदूक आढ्याला टांगून ठेवणे हे कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्र बाळगणे ठरते. वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि नंतर परवान्यासाठी अर्ज करावा.

समज : तिसरे शस्त्र अजूनही सावकाश जमा करता येईल.
त्यासाठी दिलेली एक वर्षाची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास आता दोन ते पाच वर्षे कारावास व दंड आहे. पूर्वी तो एक ते तीन वर्षे होता. प्रतिबंधित शस्त्रासाठी सात ते चौदा वर्षे कारावासाची तरतूद आहे.

समज : कर्नाटकात बंदुकीला परवाना लागत नाही.
ही सूट केवळ कोडगू जिल्ह्यातील कोडव समाज व जम्मा जमीनधारकांपुरती आहे. केंद्र शासनाने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. बिदर, कलबुर्गी वा अन्य जिल्ह्यांतील रहिवाशांचा तिच्याशी संबंध नाही. शस्त्रे हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत असल्याने १९५९ चा शस्त्र अधिनियम बिदरला, लातूरला आणि गोव्यालाही सारखाच लागू आहे.

समज : परवाना असला की बंदूक कोठेही नेता येते.
परवान्यावर त्याचे क्षेत्र नमूद असते. ते कर्नाटकापुरते असेल, तर बंदूक घेऊन सीमा ओलांडण्यापूर्वी क्षेत्रवाढीची परवानगी घ्यावी लागते. नातेवाइकांचे गाव चार कोसांवर आहे, ही सबब कायद्यात नाही. पेडणे-सावंतवाडी सीमेवरील गोमंतकीय शेतकऱ्यालाही हाच नियम लागू होतो.

समज : पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा.
पीक संरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद अधिनियमात आहे. परंतु १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम त्याने शिथिल होत नाही. बिदरच्या माळरानावर पिकात शिरणारे काळवीट संरक्षित आहे. त्याच्यावर गोळी झाडणे गंभीर गुन्हा आहे.

समज : निवडणुकीत जमा केलेली बंदूक जप्त होते.
आचारसंहितेच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश तात्पुरता असतो. निवडणूक प्रक्रिया संपल्यावर ते परत मिळते. जमा करताना पोलीस ठाण्याची पावती घ्यावी व जपून ठेवावी.

वस्तुस्थिती, पण दुर्लक्षित
लग्नात वा मिरवणुकीत हर्षभराने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

नव्या दुरुस्तीची वार्ता कानी आली, तर तीन गोष्टी पाहाव्यात : ती दोन्ही सभागृहांत संमत झाली काय, राष्ट्रपतींची संमती मिळाली काय, आणि राजपत्रात अंमलबजावणीची तारीख प्रसिद्ध झाली काय. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत जुनाच कायदा लागू असतो. शंका राहिल्यास परवाना घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातील परवाना शाखेत विचारणा करावी.