रोबोट आला, मग काम गेलं कुठे? फसलेल्या सिनॉप्सिसमधून सापडलेला एक इतिहास



'पेट' झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, विषय कसा निवडू, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारत आहेत. उपदेश करण्यापेक्षा माझा फसलेला सिनॉप्सिसच तुमच्यापुढे ठेवते.

मी मूळची एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सची, पीएच.डी. मात्र तंत्रज्ञानाच्या इतिहासात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं 'डिलिव्हरी रोबोट आणि त्यांचा रोजगारावरील परिणाम'. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "किती नोकऱ्या गेल्या?" आकडा नव्हता. "बरं, किती वाढल्या?" तोही नव्हता. "मग परिणाम कशाचा मोजणार?" सिनॉप्सिस परत आला. त्याच आठवड्यात पुण्यात जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या माझ्या मावसभावाने अशा रोबोटचा एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आमचं काय?" त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोघांचा प्रश्न एकच होता. तो सोडवायला मला मागे जावं लागलं. चला, तुम्हीही या.

नळीतून पत्र

माणसाच्या हाताऐवजी यंत्राने वस्तू पोचवायची कल्पना आजची नाही. १८५३ साली लंडनमध्ये शेअर बाजार आणि इलेक्ट्रिक टेलिग्राफ कंपनीचं कार्यालय यांच्यामध्ये जमिनीखालून एक नळी टाकली गेली. डबीत संदेश घालायचा आणि हवेच्या दाबाने ती डबी पलीकडे खेचायची. पुढे पॅरिसमध्ये अशा नळ्यांचं शहरभर जाळं झालं. ते १८६६ ते १९८४ चाललं. न्यूयॉर्कची नळीतली टपाल सेवा १८९७ ला सुरू झाली आणि १९५३ ला बंद पडली.

आता नीट बघा. पॅरिसमध्ये पत्र नळीतून एका टपाल कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायचं. तिथून घरापर्यंत ते एक माणूस पायी किंवा सायकलवरून न्यायचा. नळीच्या दोन्ही टोकांना डब्या भरणारी, काढणारी, वाटून लावणारी माणसं असायची. म्हणजे यंत्राने मधला पल्ला घेतला, दोन्ही टोकं माणसाकडेच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गालिच्यावरची गाडी आणि इस्पितळातला मदतनीस

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या कार्यालयांत 'मेलमोबाइल' नावाची गाडी आली. लिअर सिग्लर कंपनीची. गालिच्यावर डोळ्यांना न दिसणारं एक रसायन पट्टीसारखं लावलेलं असे. गाडीतल्या अतिनील प्रकाशाने ते चमके आणि गाडी त्या रेषेवरून चाले. ठरलेल्या जागी थांबून ती आवाज करी, मग कर्मचारी उठून आपापलं टपाल काढून घेत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवाली म्हणून सेन्सरवरच खूश झाले. टपाल काढायला उठणारा माणूस मला दिसलाच नाही. पूर्वी टपालाचा शिपाई ते टेबलावर आणून ठेवायचा. आता शेवटची चार पावलं ज्याचं टपाल त्याची. तो माणूस कंपनीच्या हिशोबात कुठेच येत नाही.

दुसरं उदाहरण 'हेल्पमेट'चं. जोसेफ एंगेलबर्गर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जॉर्ज डेव्हॉल यांच्यासोबत त्यांनी 'युनिमेट' हा औद्योगिक रोबोट उभा केला आणि १९६१ मध्ये तो न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. याच एंगेलबर्गरनी पुढे इस्पितळासाठी रोबोट बनवला. १९८८ मध्ये तो कनेक्टिकटमधल्या डॅनबरी इस्पितळात आला. जेवणाचे ट्रे, औषधं, तपासणीचे नमुने घेऊन तो कॉरिडॉरमधून जायचा, रेडिओ संदेश पाठवून लिफ्टही बोलवायचा. पण ट्रे रोबोटवर ठेवणं आणि रुग्णासमोर नेणं, ही कामं माणसाचीच. पुन्हा तेच: मधला पल्ला यंत्राचा, दोन टोकं माणसाची.

फुटपाथवरचा रोबोट

आता आजच्या रोबोटकडे येऊ. २०१४ मध्ये आह्ती हेइनला आणि यानुस फ्रीस या स्काइप उभारणाऱ्यांपैकी दोघांनी 'स्टारशिप टेक्नॉलॉजीज' काढली. तिचं अभियांत्रिकीचं काम एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये चालतं. सहा चाकं, माणसाच्या चालण्याइतका वेग आणि वर झाकण असलेला डबा. झाकण ग्राहकाच्या मोबाइलवरून उघडतं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या मिल्टन कीन्स शहरात या रोबोटनी 'को-ऑप' दुकानांतून घरोघरी किराणा पोचवायला सुरुवात केली. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या आवारात पंचवीसेक रोबोट जेवण पोचवू लागले. २०२० च्या टाळेबंदीत मिल्टन कीन्समध्ये मागणी एकदम वाढली. घराबाहेर पडायची भीती असलेल्या म्हाताऱ्या माणसांना या डब्याचा खरा आधार झाला. ही गोष्ट आपण नाकारू नये.

पण मिल्टन कीन्सच का? हे शहर १९६७ साली नवं शहर म्हणून ठरवून वसवलं गेलं. तिथे पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी मोटारींपासून वेगळ्या वाटांचं जाळं आहे. त्यांना 'रेडवे' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी या वाटा मोठ्या रस्त्यांच्या खालून जातात. रोबोटचं सगळ्यात अवघड काम म्हणजे रस्ता ओलांडणं, आणि ते काम नगररचनाकारांनी आधीच हलकं करून ठेवलं होतं. विद्यापीठाच्या आवाराचंही तसंच. म्हणून 'तंत्रज्ञान यशस्वी झालं' असं वाचलं की आधी विचारा, ते चाललं ती जमीन कोणी आणि कधी तयार केली?

काम कुठे गेलं?

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडायला लागलं. पोचवण्याचं काम म्हणजे एक काम नाही, ती अनेक छोट्या कामांची साखळी आहे. रोबोट त्यातला चालण्याचा भाग घेतो. बाकीचे भाग सरकतात. ते कुठे सरकले, हे मी चार खात्यांत मांडलं.

पहिलं खातं दुकानातल्या कर्मचाऱ्याचं. सामान काढून रोबोटमध्ये भरणं त्याच्याकडे आलं. दुसरं ग्राहकाचं. रोबोट जिना चढत नाही, बेल वाजवत नाही. खाली उतरून पिशवी आपण उचलायची, मेलमोबाइलसारखंच. तिसरं देखभालीचं: चार्जिंग, साफसफाई, अडकलेला रोबोट सोडवून आणणं.

चौथं खातं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात लपलेलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये 'किवी' नावाच्या कंपनीचे रोबोट विद्यार्थ्यांना जेवण पोचवत. ते आपोआप चालतात असं लोकांना वाटायचं. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या बातमीतून कळलं, की त्यांना वाट दाखवणारी माणसं कोलंबियात बसलेली असत आणि त्यांना ताशी २ डॉलरपेक्षा कमी मिळत. कोलंबियाच्या किमान वेतनापेक्षा ते जास्त होतं, हेही त्याच बातमीत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण बर्कलीतलं काम नाहीसं झालं नव्हतं. त्याचा एक तुकडा दुसऱ्या देशात, दुसऱ्या दराने गेला होता.

फुटपाथ कोणाचा?

रोजगाराइतकाच प्रश्न रोजच्या जगण्याचा. फुटपाथवर जागा मोजकीच असते. डिसेंबर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला: एका कंपनीला ३ रोबोट, सगळ्या शहरात मिळून ९, आणि तेही कमी वर्दळीच्या भागातच. ऑक्टोबर २०१९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी रस्ता ओलांडत होती. फुटपाथवर चढायच्या उतारावरच रोबोट थांबलेला असल्याने ती रस्त्यावर अडकली. विद्यापीठाने ती सेवा काही काळ थांबवली. त्याच पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२० मध्ये कायदा करून अशा यंत्रांना पादचाऱ्याचा दर्जा दिला, रिकामं वजन ५५० पौंड, म्हणजे जवळजवळ २५० किलोपर्यंत! उलट टोरांटोने डिसेंबर २०२१ मध्ये फुटपाथवर त्यांना मनाई केली.

आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये काय झालं? ॲमेझॉनने आपला 'स्काउट' आणि फेडेक्सने आपला 'रॉक्सो', असे दोन्ही प्रकल्प एकाच महिन्यात थांबवले. दोन्हींची सुरुवात २०१९ च्या पहिल्या दोन महिन्यांतली. तेव्हाचे मथळे वाचून प्रबंध लिहिला असता तर तो सबमिट होण्याआधीच शिळा झाला असता.

तुमच्यासाठी यात काय?

एक, 'परिणाम' हा शब्द शीर्षकात घालण्याआधी तो कशात मोजणार ते लिहा. मी नोकऱ्यांची संख्या सोडली आणि कामाचे तुकडे धरले. प्रत्येक तुकडा आधी कोण करायचं, आता कोण करतं, कोणत्या दराने, एवढंच विचारते. याला पुरावा मिळतो.

दोन, साधनं तपासा. कंपनीचं पत्रक किती डिलिव्हरी झाल्या ते सांगेल, मागे किती माणसांचे किती तास लागले ते सांगणार नाही. त्यासाठी नगर परिषदेची इतिवृत्तं, परवान्याच्या अटी, पेटंट, नोकरीच्या जाहिराती आणि तक्रारी वाचायच्या. माणूस लपवलेला असतो तो बहुधा तिथे सापडतो.

तीन, बंद पडलेल्या गोष्टी टाकून देऊ नका. पॅरिसच्या नळ्या सव्वाशे-एक वर्षं चालल्या, स्काउट चार वर्षंही टिकला नाही. का, हाच एक चांगला विषय आहे.

राहिला मावसभाऊ. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये भारतात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. त्याला मी खोटा धीर दिला नाही. लिहिलं, "आपल्या फुटपाथवरून ते चाक उद्या धावेल असं मला दिसत नाही. पण तुझ्या कामाचे तुकडे आधीच पडलेत. वाट कुठली, दर किती, ऑर्डर कोणाला, हे पूर्वी कोणीतरी माणूस ठरवायचा, आता ॲप ठरवतं. रोबोटकडे बघताना तिकडे दुर्लक्ष नको." त्याचं उत्तर आलं, "हे तर मला रोजच कळतं, ताई. तू लिही."

दुसऱ्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं 'यंत्रवत पोचवणीतील मानवी कामाची पुनर्विभागणी'. सरांनी या वेळी एकच प्रश्न विचारला: "साधनं कुठली?" माझ्याकडे तीन पानांची यादी होती.

तुमचा विषय कुठलाही असू द्या, सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी ही यादी करा. आणि अडलात तर प्रश्न पाठवा, पुढच्या लेखात घेऊ.