‘ध’ चा ‘मा’ : शनिवारवाड्यातला आणि संगणकातला

आपल्यापैकी अनेक घरांत एखादी जुनी पेटी आहे आणि तिच्या तळाशी मोडीतले दोन-चार कागद आहेत. बालाघाटचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. आपली काही घराणी त्या अमलात, काही पुढे इंग्रजी अमदानीत नोकरीनिमित्त वैनगंगेकाठी आली आणि इथलीच झाली. ते कागद आता फारसे कुणाला वाचता येत नाहीत. पण दरबारी कागद असेल, तर न वाचताही एक गोष्ट दिसते. मजकूर संपतो तिथे लहानसा शिक्का असतो. ते मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांवर तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरं असत. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही वाढवलं तर ते आमचं नव्हे, असा त्याचा रोखठोक अर्थ. लांब पत्र कागदाचे तुकडे जोडून केलेलं असे, म्हणून पाठीमागे जोडावरही शिक्का मारत. मधला तुकडा कुणी बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळायचे नाहीत. फार नाजूक गोष्ट कागदावर उतरतच नसे, ती विश्वासू माणूस तोंडी सांगे. आज ज्याला डिजिटल सही म्हणतात तिचं काम दुसरं काय आहे? मजकूर खरोखर कुणाचा, आणि वाटेत बदलला का, एवढंच ती सांगते.

इतकी काळजी घेणाऱ्या राज्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या हुकमातला ‘ध’ पुसून ‘मा’ केला गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. अक्षर आनंदीबाईंनीच बदललं की नाही, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. (आपल्या नागपूरकरांपैकी मुधोजी भोसले तेव्हा रघुनाथरावांच्या बाजूचे होते, हेही जाता जाता सांगायला हवं.) आनंदीबाईंच्या माथी सगळं मारून आपण मोकळे होतो. आमचं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. त्या सकाळी काही दगाफटका होणार असल्याची कुणकुण पेशव्यांना लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलंही. हरिपंत आधी जेवायला गेले. दुपारी गारदी वाड्यात घुसले. थकलेला पगार मागायला आले आहेत असं वाटलं, कारण गारदी म्हणजे परके नव्हते, पदरचेच शिपाई होते. आतला चाकर तुळाजी पवार त्यांना सामील होता. भिंती आणि दरवाजे जागच्या जागी होते, त्यांचा उपयोग झाला नाही.

आता २४५ वर्षं पुढे, पुण्यातच येऊ. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, ‘पैसे आहेत का, देऊ का?’ हा निरोप नेणारा-आणणारा दुवा म्हणजे स्विच. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोरांनी घातक प्रोग्रॅम शिरवून त्या दुव्याच्या जागी आपला खोटा दुवा बसवला. तो प्रश्न बँकेपर्यंत जाऊच देत नव्हता, स्वतःच ‘द्या’ म्हणत होता. म्हणजे पुन्हा ‘ध’ चा ‘मा’! बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या त्या शहरांत कोल्हापूर होतं, आपलं इंदूरही होतं. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या खोट्या निरोपांनी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. खातेदारांच्या खात्यांना हात लागला नाही, तोटा बँकेचा झाला. आणि इथेही आगाऊ सूचना होती: जगभर एटीएम रिकामी करण्याचा मोठा डाव होणार, असा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी बँकांना दिला होता.

२०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. ही माणसं रांगेत उभं राहून पैसे काढणारी. सूत्रधार दूरचे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये ही लूट उत्तर कोरियाच्या खाती मांडली आणि असा पैसा त्या देशाच्या शस्त्रास्त्रांसाठी जातो, असं म्हटलं. पुण्याच्या सहकारी बँकेतला पैसा आणि अण्वस्त्रं यांचा संबंध कुणाच्या स्वप्नात तरी आला असता का? संरक्षण म्हणजे सीमेवरचा जवान, ही आपली समजूत इथे अपुरी पडते. त्याच पुण्यात मे २०२३ मध्ये संरक्षण संशोधनातल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला अटक झाली. आरोप असा, की बाईच्या नावाने बोलणाऱ्या पाकिस्तानी हस्तकाशी ते मोबाईलवरून संपर्कात होते. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल, पण रीत तीच: कुलूप फोडायचं नाही, आतल्या माणसाकडूनच ते उघडून घ्यायचं.

या क्षेत्रातले संशोधक अलीकडे सांगतात, की आत आलेल्या माणसाला आणि निरोपालाही दर वेळी पुन्हा ओळख विचारा. जोडाजोडावर शिक्का मारणाऱ्या कारकुनाला यात नवल वाटलं नसतं.

आपल्याकडेही निवृत्त मंडळींना फोन येतात. ‘सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका.’ ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही. असा फोन बेलाशक ठेवून द्यावा, मुलाला किंवा शेजाऱ्याला लगेच सांगावं, पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर कळवावं. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलं की पैसे दहा खात्यांतून फिरून निघून जातात.

मंडळाच्या वर्गणीचा क्यूआर कोड गेल्या वर्षी ग्रुपवर इतक्यांनी पुढे पाठवला, की मूळचा कोणता हे खजिनदारांनाही सांगता येईना. यंदा तो ग्रुपवर टाकायचा नाही असं ठरलं आहे. मंडपात प्रवेशाजवळच्या टेबलावर तो ठेवलेला असेल, शेजारी पावतीपुस्तक आणि मंडळाचा शिक्का. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर मंडळाचं नाव दिसतं का ते बघावं, आणि पावती घेतल्याशिवाय प्रसादाकडे वळू नये.